स्थावर, जंगम आणि वारा : रायगड किनाऱ्यावरचे न रुजलेले घर

आजचा विषय थोडा विचित्र वाटेल. पायाशिवायचे घर जमिनीवर सुरक्षित उभे कसे राहते, आणि का राहत नाही, हा तो विषय. हे काम इंजिनिअरांचे, त्यात तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय बोलायचे, असे कुणी म्हणेल. पण आमचा धंदा शब्दांचे अर्थ तपासण्याचा, आणि या विषयाची सगळी अडचण दोन शब्दांत येऊन बसली आहे : स्थावर आणि जंगम.

आपण हे शब्द किती सहज वापरतो! जमीन, घर हे स्थावर. भांडीकुंडी, दागिने, गुरे हे जंगम. कायद्यात मात्र ही रेघ इतकी सोपी नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने 'जमिनीला जोडलेले' म्हणजे काय हे सांगितले आहे. झाडासारखे मुळांनी रुजलेले, भिंतीसारखे जमिनीत रोवलेले, किंवा अशा रोवलेल्या वस्तूला तिच्या कायमच्या उपभोगासाठी जोडलेले. आता या व्याख्येसमोर एक डबा ठेवून पाहा. नागाव, काशीद, दिवेआगर, कुठेही. लोखंडी कंटेनर, त्याला खिडक्या कापलेल्या, आत पंखा, पलंग, बाहेर तुळशीची कुंडी, आणि खाली सिमेंटचे चार ठोकळे. हे रुजलेले नाही, रोवलेले नाही, जोडलेलेही नाही. फक्त ठेवलेले आहे. कायद्याला प्रश्न पडेल की हे घर आहे का. वाऱ्याला असा प्रश्न पडत नाही.

१८८२ साल आले आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. २०२० साली निसर्ग चक्रीवादळ येणार म्हटल्यावर वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर एक बातमी फिरत होती, की ६ जून १८८२ ला मुंबईवर महाभयंकर वादळ येऊन एक लाख माणसे मेली होती. त्या वेळच्या मुंबईच्या वृत्तपत्रांत आणि सरकारी नोंदींत अभ्यासकांनी शोध घेतला. असे वादळ झाल्याचा पुरावा नाही. कुठल्या तरी यादीत ते शिरले आणि एका यादीतून दुसरीत उतरत गेले. खरी वादळे मात्र आहेत. नोव्हेंबर १९४८ चे मुंबईचे वादळ, नोव्हेंबर २००९ चे फयान. आपल्याकडची गंमत बघा : न झालेले वादळ आम्हाला पाठ आहे, आणि फयानमध्ये समुद्रात गेलेल्या होड्या विस्मरणात गेल्या.

असो. वळू या घराकडे.

या किनाऱ्यावर, आणि किनाऱ्यामागच्या डोंगरपट्ट्यात, घर वाऱ्यात टिकवण्याच्या दोन जुन्या रीती होत्या. पहिली कातकऱ्याच्या, ठाकराच्या झोपडीची. कारवीचा कूड, त्यावर मातीचा गिलावा, वर गवत किंवा पेंढा. ही झोपडी आपल्याला क्षणभंगुर वाटते. पण तिच्या मेढी पाहा. त्या थेट जमिनीत पुरलेल्या असतात, कंबरभर नसतील पण हातभर तरी खोल. म्हणजे गरिबाची झोपडी ही कायद्याच्या अर्थाने चक्क 'रोवलेली' आहे! वादळ आले की गवत उडते, कूड फाटतो, सांगाडा बहुधा राहतो. शाकारणी दरवर्षी करायचीच असते, ती या वर्षी लवकर करायची. छपराने आधी जायचे आणि सांगाड्याला वाचवायचे, असा तो करार.

दुसरी रीत वजनाची. दगडी जोते, सागाचे नाहीतर जांभळाचे खांब, आढे, वासे, रिपा आणि त्यावर कौले. आधी कुंभाराची नळीची कौले होती. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढच्या काळात 'मंगलोरी' कौल गलबतांतून सगळ्या कोकणभर पसरले. एक चौरस मीटर छपराला अशी पंधराएक कौले लागतात, वजन चाळीस किलोच्या घरात. शिवाय कौलांच्या फटींतून हवा ये-जा करते, त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब थोडा जुळून येतो. वादळात कौले सुटतात, पण सुटी सुटी सुटतात. शंभर गेली तर शंभर बसवायची.

मग आला पत्रा. पत्र्याला आम्ही नावे ठेवणार नाही. गवत मिळेनासे झाले, कारवी तोडायला बंदी आली, कौले चढवणारे हात कमी झाले, माकडांनी छळले. पत्रा स्वस्त, गळत नाही, एका दिवसात छप्पर होते. पण त्याचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. तो कौलासारखा जड नाही आणि गवतासारखा सहज फाटतही नाही. अख्खा उचलला जातो, आणि जाताना खालच्या वाशांनाही घेऊन जातो. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही आपली म्हण. किनाऱ्यावर नेमके उलट घडते, आधी वासे फिरतात.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, पुढे माणगाव, रोहा, सगळीकडे एकच चित्र. सुपारीच्या बागा आडव्या, आणि घरांवर आकाश. टाळेबंदीचा काळ, मुंबईचे चाकरमानी गावी आलेले, वीज कित्येक दिवस नाही. भिंती बऱ्याच ठिकाणी उभ्या होत्या, छपरे नव्हती. लोक म्हणायचे, "वाऱ्याने घर पाडलं." पाडले नाही हो, उचलले. या दोन क्रियापदांत सगळे शास्त्र आहे.

वारा घराला ढकलतो हे आपल्याला कळते, कारण आपल्यालाही तो ढकलतो. पण छपरावरून वेगाने जाणारा वारा छपराला वर ओढतो, हे अंगाला जाणवत नाही. आणि दाब वाढतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट तर दाब चौपट. ताशी १२० किलोमीटरला चौरस मीटरमागे साधारण ६८ किलोचा भार होतो, १३० च्या झोताला ८०. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ओढ याहून जास्त बसते. पाच किलोच्या पत्र्यावर चार दगड आणि एक जुना टायर ठेवून आपण कुणाशी भांडायला निघालो आहोत, ते यावरून कळावे. पत्र्याला दगड नको, खिळाही नको. त्याला आरपार हूक पाहिजे, हूक वाशाला, वासा खांबाला, खांब जमिनीला. ही साखळी जिथे तुटेल तिथून घर जाईल.

आता डब्याकडे या. मालवाहू कंटेनर ही तशी अलीकडची वस्तू. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅक्लीनने 'आयडियल एक्स' जहाजावर असे ५८ डबे चढवले, तिथपासून तिचा इतिहास धरतात. आपल्याकडे तिचे सर्वांत मोठे दार १९८९ साली उघडले, ते उरण तालुक्यातले न्हावा-शेवा बंदर. म्हणजे याच जिल्ह्याचा किनारा! जुने झालेले डबे बंदराबाहेरच्या वखारींतून निघाले आणि साईटवरची ऑफिसे, चौक्या, मग फार्महाऊस, मग पर्यटकांच्या खोल्या झाले. डब्याचा आकार दिसतो साधा, पण त्याच्या आठही कोपऱ्यांत भोके असलेले पोलादी ठोकळे असतात, ते नीट पाहा. जहाजावर त्या भोकांत कुलुपासारखे खटके बसतात, वर आडव्या सळ्या ताणतात. समुद्रावर कुणी डबा नुसता 'ठेवत' नाही. तोच डबा जमिनीवर आला, घर झाला, की ती भोके रिकामी. आत माणसे झोपली आहेत, आणि मालाची जेवढी काळजी घेतली होती तेवढी माणसांची नाही.

हिशेब करून पाहू, फार नाही. वीस फुटी डबा सुमारे सहा मीटर लांब, अडीच मीटर रुंद, तेवढाच उंच. रिकाम्याचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास. कुणी म्हणेल, सव्वादोन टन! हत्ती आहे, हलणार कसा? पण उलथण्याचा हिशेब तरफेचा असतो. उघड्या किनाऱ्यावर १३० च्या झोताला लांब बाजूवर दीड टनाच्या आसपास रेटा येतो, वरून छताला अर्धा-पाऊण टन ओढ. डबा थेट जमिनीवर असेल तर ही जवळजवळ बरोबरीची झुंज आहे. तोच डबा दमट नको, साप नको, पाणी शिरायला नको म्हणून दोन फूट ठोकळ्यांवर चढवला, की रेट्याची उंची वाढते आणि वारा पोटाखालीही शिरतो. झुंज हरली. घर म्हणून वापरताना आतल्या फळ्या, सामान यांचे वजन मदतीला येते हे खरे. पण वाऱ्याच्या बाजूचे दार फुटले तर आत शिरलेली हवा ते सगळे परत घेते.

हा अनुभव जगाने फार महागात घेतला आहे. अमेरिकेत लाखो लोक चाकांवर आणलेल्या घरांत राहतात. ती घरे एकदा जागेवर बसली की बहुधा पुन्हा हलत नाहीत, पण पाया नसतो, ठोकळ्यांच्या रांगा असतात. १९७६ पासून त्यांच्या बांधणीला केंद्रीय नियम होते. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळ फ्लोरिडावर आले. होमस्टेड या गावात अशी ११७६ घरे होती, त्यांतली ११६७ नष्ट झाली. नऊ उरली. १९९४ मध्ये नियम बदलले, किनाऱ्यासाठी वाऱ्याचे वेगळे पट्टे ठरले. घर नुसते मजबूत असून चालत नाही. त्याखालचे ठोकळे घट्ट जमिनीवरच्या काँक्रीटच्या पाटावर हवेत, आणि घराच्या सांगाड्यापासून पोलादी पट्टे निघून जमिनीत पिळून उतरवलेल्या नांगरांना ताणलेले हवेत. ठोकळे वजन पेलतात, पट्टे ओढ पेलतात. ही दोन कामे वेगळी आहेत, आणि आपल्याकडे घोटाळा नेमका इथेच आहे. आपण ठोकळे लावतो आणि समजतो की घर बसले.

आपल्याला हे ठाऊक नव्हते असे तर मुळीच नाही. मराठ्यांच्या फौजा आठ-आठ महिने राहुट्यांतच राहत. मेख आणि तणावा हे शब्द तिथूनच आपल्या बोलीत मुरले आहेत. एखाद्याने कामात 'मेख मारली' असे आपण आजही म्हणतो, म्हणजे ते आता हलत नाही! पालात राहणाऱ्या भटक्या जमातींना कोणत्या मातीत खुंटी किती तिरकी मारायची हे सांगावे लागत नाही. आणि आपला कोळी बघा. मासेमारीबंदी लागायच्या सुमारास होड्या वर ओढतो, दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू देतो, झावळ्यांनी शाकारतो, दोर खुंटाला बांधतो. होडी जमिनीवर आली म्हणून सुटली, असे तो समजत नाही.

मग घरच का बांधले जात नाही? पैसा हे एक उत्तर आहेच. पण आम्हाला वाटते त्याखाली दुसरे उत्तर आहे, आणि आजचे खरे बोलणे तेच. घर जमिनीला तोच बांधतो, ज्याला ती जमीन आपली म्हणता येते.

रायगड आणि ठाण्याच्या कातकरी वाड्यांविषयी डॅनिएल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे 'फायटिंग इव्हिक्शन' हे पुस्तक २०१३ मध्ये आले. त्यात दिसते ते असे : वाडी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहे, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. जोवर जमिनीला भाव नव्हता तोवर कुणी विचारले नाही, मजूर हाताशी होते म्हणून मालकाला बरेच होते. मुंबईचा पैसा आला, फार्महाऊसे आली, की कुंपण आले. अशा जागेवर जोते घालायला घेतले की मालक येऊन उभा राहतो. झोपडी चालेल, जोते नको. कारण जोते म्हणजे हक्क सांगणे, असे त्यालाही वाटते आणि वाडीलाही. शिवाय दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्टीवर निघून जाते, ती पावसाच्या तोंडावर परतते. तिथे भट्टीशेजारी पुन्हा एक खोपट. दोन घरे, आणि रुजलेले एकही नाही.

सरकारी मदतीची भाषा काढून पाहा. २०१५ ते २०२० साठीच्या केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये होते आणि झोपडीला ४,१००. निसर्गनंतर राज्याने घराची रक्कम दीड लाख केली, चांगलेच केले. पण निकषांतली एक अट महत्त्वाची : पडलेले घर 'अधिकृत बांधकाम' असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला पाहिजे. म्हणजे ज्याला जमिनीने धरू दिले नाही, त्याचे घर आधी वारा नेणार आणि मग मदतीच्या यादीतही ते खालच्या रकान्यात जाणार.

उपाय कायद्यात नाही असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. त्याचा उपयोग करून वाड्यांना गावठाणाचा दर्जा मिळवण्याचा प्रयत्न रायगडमध्ये झालेला आहे. हे कलम चक्रीवादळाशी संबंधित आहे असे कुठल्याही आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तिकेत आम्हाला दिसले नाही. आमच्या मते ते पहिल्या पानावर हवे.

किनाऱ्यावरच्या श्रीमंत डब्याची गोष्ट वेगळी, पण गाठ तीच. सागरी किनारा नियमांना भरतीरेषेजवळ कायमचे बांधकाम नको असते, आणि ते योग्यच आहे. २०१९ च्या अधिसूचनेत पुळणीवर पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना काही अटींवर परवानगी आहे. 'तात्पुरते' या शब्दाचा अर्थ मालक असा लावतो की, जमिनीला हात लावायचा नाही. कायदा म्हणतो रुजू नकोस, वारा म्हणतो रुजला नाहीस तर नेतो. त्यात भर म्हणून, वाऱ्याच्या भाराची आपली जी राष्ट्रीय मानकसंहिता आहे, भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग, तिच्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळी प्रदेशासाठी भार वाढवायला सांगितले आहे. पूर्व किनाऱ्यासाठी, आणि पश्चिमेला फक्त गुजरातसाठी. कोकण त्यात नाही. पाच वर्षांनी निसर्ग आले, सहाव्या वर्षी तौक्ते किनाऱ्याजवळून गेले.

आणि आता तर डबा हे सरकारी उत्तरच झाले आहे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये दरडीखाली गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. दोन्हीकडे वाचलेल्यांना पक्की घरे होईपर्यंत कंटेनरमध्ये ठेवले. तातडीची सोय म्हणून डब्याला पर्याय नव्हता, हे आम्ही मानतो. पण ही 'तात्पुरती' राहणी एका उन्हाळ्यात संपली नाही. चैत्र-वैशाखात पत्रा तापतो, श्रावणात रात्रभर ताशा वाजतो. डोंगराने ज्यांचे घर नेले, त्यांना जमिनीला न धरणारे घर देताना निदान चार कोपरे तरी बांधून द्यावेत, एवढे तरी मागायला हवे.

'पण बांधले की ते स्थावर होईल, मग जागेवर हक्क सांगतील', ही मालकाची भीती. आणि 'परवानगीचा प्रश्न येईल' ही रिसॉर्टवाल्याची. याला एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे डांबर मिसळण्याच्या यंत्रांचा एक खटला आला होता. प्रश्न उत्पादन शुल्काचा. यंत्रे दीड फूट खोल पायावर नट-बोल्टने बसवलेली. कंपनीचे म्हणणे, ती जमिनीला जोडलेली, म्हणून स्थावर, म्हणून कर नाही. न्यायालयाने ते मानले नाही. यंत्र हलू नये, डगमगू नये म्हणून बोल्टने बसवले, जागा बदलायची झाली की काढून नेता येते, तेव्हा ते जमिनीशी कायमचे जोडलेले नव्हे. खटला कराचा आहे, घराचा नाही, वकील मंडळी लगेच हात वर करतील. पण त्यातला भेद पाहा : स्थिर राहण्यासाठी बांधणे वेगळे, आणि कायमचे होण्यासाठी रुजणे वेगळे. पिळाचा नांगर जमिनीत उतरतो तसा उलटा फिरवून वरही येतो, मागे फक्त भोक राहते.

तेव्हा ज्यांच्याकडे असा डबा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. ठोकळे सुटे रचू नका. माती किंवा वाळू चोपून खाली काँक्रीटचा पाट घाला, नाहीतर पहिल्या पावसात एक कोपरा बसतो आणि दार लागेनासे होते. होईल तितका डबा खाली ठेवा. चारही कोपऱ्यांच्या भोकांतून पट्टे किंवा साखळ्या काढा आणि तिरक्या ताणा. कोरड्या वाळूत आखूड नांगर धरत नाही. तिथे तो खोल न्यावा लागतो, किंवा खाली काँक्रीटचे जड ठोकळे पुरून त्यांना बांधावे लागते. किती खोल, किती जड, हे तुमच्या मातीवर ठरेल, ते इंजिनिअरकडून ओढून तपासून घ्या. लोखंड जस्त चढवलेले हवे, खारी हवा दोन पावसांत उघडे लोखंड खाते. आणि वादळाचा इशारा आला की बांधलेला डबासुद्धा सोडून पक्क्या इमारतीत जा. बांधायचे ते घर परत आल्यावर जागेवर असावे म्हणून.

मेच्या शेवटी होड्या वर ओढायला लागतात. पट्टे ताणून पाहायचे तर तेव्हाच, त्याच आठवड्यात. आता तुमचे प्रश्न घेऊ.